बाबांना गावी ठेवून आले तेव्हा

प्रिय दुर्पता,

माझं पत्र पाहून तू आधी चष्मा शोधशील आणि मग घाबरशील. घाबरू नकोस, इथे पुण्यात सगळे बरे आहेत. सूनबाईला ऑफिसात बढती मिळाली, रुची दहावीला आहे. आपण फोनवर बोलतो, पण तो फोन वीरेंद्र लावून देतो आणि बोलणं होईस्तोवर शेजारी बसून राहतो. मुलगा वाईट नाही गं माझा. पण काही गोष्टी त्याच्यासमोर तोंडातून निघत नाहीत. म्हणून नातीकडून कागद मागून घेतले. थोडं थोडं लिहिते आहे. एखादी गोष्ट पुन्हा लिहिली गेली तर हसून सोडून दे.

मला बाबांविषयी सांगायचं आहे. ते गेले तेव्हा तू बालाघाटच्या सासरहून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. गावी तुझ्या चुलतबहिणीच्या, अनुसयाबाईच्या ओट्यावर, चार बायांसमोर तू मला विचारलंस, "वहिनी, माह्या बापाले गोठ्याजवळ काऊन मरू देलं?" पुढे तुझे दादा गेले, तूही एकटी झालीस, आमगावच्या घरी राहायला आलीस, वीरेंद्रनं मला इथे आणेपर्यंत किती वर्षं आपण एका चुलीवरचं जेवलो. पण तो प्रश्न तू परत काढला नाहीस आणि उत्तर मी दिलं नाही.

आज सकाळी काय खाल्लं ते मला विचारू नकोस. पण त्या वर्षातलं सगळं दिसतं.

गावात बाबा काय होते ते तुला ठाऊक आहे. तलावाचं पाणी आधी कोणाच्या धानाच्या बांधीत सोडायचं, कोणाला थांबवायचं, हे यादोराव सांगत आणि गाव ऐकत असे. सख्ख्या भावाचं पाणी अडवून त्याच्याशी तलावाच्या बांधावर, पाळेवर, कडाकडा भांडत आणि संध्याकाळी त्याच्याच घरी मासे खायला जात. आई वारल्या आणि तुझ्या दादांनी त्यांना आमगावला आणलं. म्हातारपणी बापानं एकट्यानं चूल फुंकावी हे त्यांना कसं बघवणार? त्यात वाईट काय होतं?

सुरुवातीला बाबा आमच्या दुकानात बसायचे. पाइप, सिमेंट घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना शेतीबद्दल रागवायचे. मग एकाला ते मेलेल्या भावाच्या नावानं हाक मारू लागले. मग घर सापडेना. एकदा गाडीच्या रुळांमधून चालत निघाले होते, रेल्वेच्या माणसानं हात धरून आणलं. त्या दिवशी तुझे दादा लहान पोरासारखे रडले आणि दुकानाला लागून असलेल्या पुढच्या खोलीच्या दाराला त्यांनी बाहेरून कडी लावली.

ती कडी काढायची आणि लावायची मी. जेवण नेताना, आंघोळीला नेताना. बाबा दाराच्या आत फेऱ्या मारत. पाय घासत चालायचे, तो आवाज स्वयंपाकघरात ऐकू यायचा. कधी दार ठोठावून म्हणायचे, "सूनबाई, कायले कोंडून राहिली? मी का ढोर आहो?" मी म्हणायची, "बाबा, थोडा वेळ." दुसरं काय म्हणणार? त्यांना एकटं सोडायचं नाही म्हणून मीही घराबाहेर पडत नव्हते. धाकट्या बहिणीचं लग्न झालं, मी गेले नाही. वीरेंद्र माझ्या कडेवर, हात गुंतलेले, आणि दिवसभर कानात त्यांचे पाय. राग यायचा मला त्यांचा. मग तुझ्या दादांचा यायचा. मग वाटायचं, कडी एका दाराला आहे आणि आत दोघं आहोत.

त्या पावसाळ्यात आपल्या गावचा रेवाराम दुकानात आला. तलावाच्या पाळेतून पाणी झिरपू लागलं, असं तो मोठ्यानं सांगत होता. भिंतीपलीकडे बाबांनी ऐकलं. रात्रीचं ताट परत आलं, दुसऱ्या दिवशीचंही. तुझ्या दादांनी समजावलं, "बाबा, गाववाले पाहून घेतील, तुमी कायले जीव काढता?" बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. तिसऱ्या दिवशी मी कडी काढली, त्यांचं धोतर बदललं, वीरेंद्रला कडेवर घेतलं आणि दुकानात जाऊन सांगितलं, "मी बाबाले गावी नेऊन राहिली. पाळ दाखवून आणतो." दुकानात गिऱ्हाईक होतं. तुझे दादा त्याचे पाइप मोजत राहिले. देवरीला बस बदलली. तोवर मी एकटीनं कुठला प्रवास केला नव्हता.

गावी पोचलो तर पाळेचं काम झालेलं. मुरूम भरून, ठोकून लोक घरी गेले होते. बाबांना कोणी विचारायला आलं नाही. त्यांनाही आपण कशाला आलो ते आठवत नव्हतं. पाळेवर बसले, पाण्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "भूक लागली." अनुसयाबाईनं भात आणि सुक्या मासोळीचा रस्सा दिला. कितीतरी दिवसांनी ते पोटभर जेवले, बोटं चाटून.

परतीच्या बसच्या वेळी त्यांचा हात धरला, तर त्यांनी तो सोडवून घेतला. ओढाताण नाही, शिव्या नाहीत. म्हणाले, "बाई, तू कोणाची आहेस? घरी जा, पोराले ऊन लागते." मला ते ओळखत नव्हते, दुर्पता. पण आपण कुठे आहोत ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. अनुसयाबाई म्हणाली, गोठ्यालगतची खोली रिकामी आहे, माझ्या काकाला मी दोन घास देईन. मी ठेवून आले. बसमध्ये मला रडू आलं नाही. खिडकीतून वारा येत होता आणि मी मोकळा श्वास घेत होते. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही.

तुझे दादा एवढंच बोलले, "बापाले टाकून आली." शेजारपाजारचेही तेच म्हणाले. मधून मधून आम्ही जायचो. बाबा मळकट, वाळलेले, कोणाच्याही अंगणात बसून वाद घालणारे. लोक त्यांना घरी पोचवून देत. एकदा चिखलात पडले, कपाळ फुटलं. आमगावला डॉक्टर जवळ होता, तिथे अजून काही वर्षं निघाली असती, हे खरंच आहे. मी नाकारत नाही.

धान कापणीला आलं तेव्हा बाबांना ताप चढला. तुझे दादा जीप घेऊन गेले. बाबांनी खाटेचा पाय असा धरला की सुटेना. शेवटी जीप परत पाठवून ते तिथेच जमिनीवर बसले, बाबांचे पाय दाबत. भर दुपारी बाबा गेले. त्याआधी डोळे उघडून म्हणाले, "दुल्या, जेवला का?" दुलीचंद हे लेकाचं नाव त्यांनी वर्षभर घेतलं नव्हतं. तुझ्या दादांनी मला हे सांगितलं ते स्वतःच्या शेवटच्या दुखण्यात. म्हणाले, "वच्छला, तू नेलं नसतं तर बाप मले न ओळखताच कडीच्या आत मेला असता." तुझ्या बापानं मरताना कोणाला हाक मारली, हे तुला कळायलाच हवं होतं.

आता हे सगळं आज का लिहिते आहे ते सांगते. डॉक्टरांनी माझ्या डोक्याचा फोटो काढला. जो आजार बाबांना होता तोच म्हणायचा, फक्त आता त्याला नाव आहे. मागे मी खाली फिरायला गेले आणि दुसऱ्याच इमारतीत एका परक्या घराची बेल दाबत उभी राहिले. वीरेंद्र त्या दिवशी त्याच्या बापासारखाच रडला. आता दाराला आकड्यांचं कुलूप आहे, आकडे मला सांगत नाहीत. दिवसभर सगळे बाहेर असतात आणि मी आत फेऱ्या मारते. हे पत्र कामवाली दुर्गा टाकेल, ती भली आहे. दुर्पता, मला एकटीला निघता येणार नाही, वाटेतच हरवेन. तू ये. त्याच्याशी भांडू नकोस, त्याला समोर बसवून शांतपणे सांग, की मी वहिनीला आमगावला नेते आहे. त्याला पटणार नाही, तरी सांग. पुढे मी तुलाही ओळखणार नाही, शिव्याही देईन. लोक तुला काहीबाही म्हणतील, ते तू ऐकून घेशील ना? पण लवकर ये गं. अजून मला तुझं नाव आठवतं आहे.

तुझीच वहिनी,
वच्छला