चाचणीसाठी बाबांचं नाव

गोंदिया, मंगळवार संध्याकाळ, नोव्हेंबर २०११

बाबा वारले, त्यानंतर आज पहिल्यांदा कामावर गेले. धान-नोंदणीच्या वेबसाइटचंच काम. फॉर्म तपासायचे नियम पानोपानी विखुरलेले होते, ते सगळे एका फाइलीत आणले. नवीन नोंदणीचा एक गट, दुरुस्तीचा वेगळा. डोकं बंदच होतं, हात चालत होते.

मग फॉर्म भरून पाहिला. सवयीनं बाबांचंच नाव टाकलं, गाव दवनीवाडा, त्यांचाच मोबाइल. काम सुरू झाल्यापासून मी तेच टाकत आले आहे. एकही चूक निघाली नाही. हिरवी पट्टी आली, 'शेतकऱ्याची नोंद झाली.' रडू येईल असं वाटलं. आलं नाही. नुसती त्या पट्टीकडे बघत बसले.

शेजारच्या टेबलावरची सुषमा म्हणाली, "टेस्टच्या एन्ट्र्या काऊन ठेवून राहिली व? उद्या धान खरेदीचे सोसायटीवाले साइट पाहाले येऊन राहिले ना. उडव सगळ्या."

उडवल्या. बाबांची सगळ्यात शेवटी. पुन्हा तीच हिरवी पट्टी, 'नोंद काढली.'

निघताना एकदा तपासावं म्हणून नवा फॉर्म उघडला. आता कोणाचं नाव टाकू? सुचेना. रिकामाच पाठवला. लाल अक्षरं आली, 'नाव आवश्यक आहे.'

नियम बरोबर चालतोय.