पडल्याने असं फाटत नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

पाच महिने वहीला हात लावला नाही. माफ कर. खांदा दुखतो हे कारण नाही — कोपर टेबलावर टेकवलं की लिहिता येतं, आता लिहितेच आहे. इथे खोटं लिहायचं नाही असं कॉलेजात असताना ठरवलं होतं, आणि बाहेर एक खोटं सांगून बसले. मग लिहायचं काय?

आधी तेच लिहून टाकते. मी स्टुलावरून पडले नाही. बाबांनी हात पिरगळला. मळका शर्ट धुवायला म्हणून मी त्यांच्या हातातून ओढला. "चोर! चोर!" करत त्यांनी माझं मनगट धरून असा पीळ दिला की खांद्यात काहीतरी तुटल्याचं मला ऐकू आलं. चाळीस वर्षं रंधा मारलेला सुताराचा हात. डोक्यातलं सगळं गेलं, मनगटातलं बळ तेवढं राहिलं. पाच मिनिटांनी विचारत होते, "चहा झाला का गं?"

ताईला आणि धाकट्या भावाला हे कळलं तर बाबा या घरात राहत नाहीत. धाकट्याने (त्याला आम्ही साहेब म्हणतो, तोही ओ देतो!) मागेच एका वृद्धाश्रमाचं रंगीत माहितीपत्रक आणून ठेवलं होतं. म्हणून स्टूल.

ऑपरेशन एकवीसला. उजवा हात सहा आठवडे झोळीत.

५ फेब्रुवारी

आज प्रयोगशाळेत ब्युरेट भरायला हात वर जाईना. स्टँड खाली फरशीवर ठेवला आणि बसून भरला. मागून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आज प्रॅक्टिकलची सहल का?" सगळा वर्ग हसला. मीही.

७ फेब्रुवारी

ताई आली. दोन बॅगा घेऊन. ऑपरेशनला दोन आठवडे आहेत — इतक्या लवकर कशाला? तीन वर्षांपूर्वी बाबांना माझ्याकडे सोडायला आली होती, तेव्हा दारातूनच परत गेली. "आता तू बघ, माझ्याने होत नाही." आणि आता एवढा पुळका?

आल्या आल्या वरच्या फळीवरचे डबे खाली काढायला लागली. "हे डबे काय गिर्यारोहकांसाठी ठेवलेस का गं?" मग पुढून बटणं असलेले चार गाउन बाहेर काढले. डोक्यातून घालायचं काही चालणार नाही म्हणे. हे तिला कोणी सांगितलं?

८ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टर. एमआरआयची फिल्म उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले. "स्टुलावरून पडलात? पडल्याने सहसा असं फाटत नाही." मग ताईला बाहेर थांबायला सांगितलं. "घरात कोणी हात उगारतं का?"

मी म्हटलं, "घरात मी आणि वडील. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत." आणि हसले. आपलं हसणं आपल्यालाच खोटं ऐकू यावं, तसं झालं.

बाहेर ताई टपलेलीच. "काय विचारलं?"

"वजन."

"आणि त्यासाठी मला बाहेर काढलं?"

१० फेब्रुवारी

डाव्या हाताने दात घासले. डाव्या हाताने केस बांधले. आरशात एक वेडी.

१२ फेब्रुवारी

ताईने जुन्या चादरीची झोळी करून माझ्या गळ्यात अडकवली, सवय व्हावी म्हणून. बाबा खुर्चीतून उठून आले. "गाठ मानेच्या मागे नको, रुतेल," म्हणाले आणि स्वतः सोडून बाजूला बांधली. काय सुरेख गाठ! मग माझ्या हाताकडे बघत राहिले.

"कोणी केलं हे?"

"पडले, बाबा."

"खोटं. नाव सांग त्याचं. बघतो त्याच्याकडे."

मला तोंड वर करता येईना. ताई तेवढ्यात गॅस बघायला म्हणून गेली. गॅसवर काही नव्हतं.

१४ फेब्रुवारी

ताई गॅलरीत फोनवर. मी दिसले तसा आवाज खाली. एवढंच ऐकू आलं — "तिला एवढ्यात नको सांगूस."

दुपारी बघते तर बाबांचे कपडे त्यांच्या जुन्या बॅगेत घड्या घालून ठेवलेले. औषधांच्या वेळा एका कागदावर, ताईच्या अक्षरात. म्हणजे ठरलंच! मी भुलेखाली असताना बाबांना हलवणार. परत येईन तेव्हा खोली रिकामी.

ताई अंघोळीला गेल्यावर तिची पर्स उघडली. हे लिहायला लाज वाटते, म्हणूनच लिहिते. आत चष्मा, लिमलेटच्या गोळ्या, विजेचं बिल. वृद्धाश्रमाचा कागद नाही. नाही म्हणजे साहेबाकडे असेल!

बाबांना सगळे चोर दिसतात. मला सगळे बाबांचे चोर दिसतात. रक्तातच आहे म्हणायचं.

१६ फेब्रुवारी, रविवार

साहेब आला. समोर बसला, घसा साफ केला. म्हटलं, आलं आता.

"बाबांना सहा आठवडे मी माझ्याकडे नेतो. तुम्ही दोघींनी खूप केलं. माझी पाळी कधीच आली नाही."

त्याची चार वर्षांची लेक, आमची चिमणी, तिनं म्हणे आपल्या खोलीत आजोबांच्या पलंगासाठी जागा केली आहे. खेळणी स्वतः उचलली. मी एवढी रडले की साहेबाची पंचाईत झाली. "अगं, बाबांना नेतोय, तुला नाही!"

पर्स उघडल्याचं ताईला सांगून टाकलं. ती म्हणाली, "मग गोळी का नाही घेतलीस एखादी?"

१७ फेब्रुवारी

पण ताई सहा आठवडे इथे राहणारच आहे. मग बाबांना हलवायचंच कशाला? विचारलं तर म्हणाली, "दोन दोन पेशंट मला झेपायचे नाहीत." पेशंट मी. बाबा स्वतः जेवतात, काठी टेकत का होईना, स्वतः चालतात.

ती बाबांच्या हातातून काहीच सरळ घेत नाही. आधी दुसरं काहीतरी त्यांच्या हातात देते. टॉवेल दिला, मगच शर्ट घेतला. त्यांच्या उजव्या बाजूला कधी उभी राहत नाही.

कुठे शिकलीस, म्हणून विचारलं. मुलींना सांगते तसंच केलं — तीन रीडिंग घ्यायची, जुळली तरच खरी. सकाळी म्हणाली, एका नर्सने सांगितलं. दुपारी, टीव्हीवर बघितलं. संध्याकाळी, "भांडी घासू दे गं मला!"

१९ फेब्रुवारी

आज धरलंच तिला. स्वयंपाकघरात, दार लावून.

"माझ्या दोन बरगड्या," ताई म्हणाली. माझ्याकडे पाठ होती. "अंघोळ घालताना. तुझ्या भावजींना सांगितलं, मी घसरले म्हणून. पंधरा दिवसांनी बाबांना तुझ्याकडे आणून सोडलं."

"मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर घेतलं असतंस?"

घेतलं असतं. नसतं. माहीत नाही. तीन रीडिंग, एकही जुळत नाही.

"आणि माझं कधी कळलं तुला?"

"आल्या दिवशीच. तुझ्या घरात स्टूल आहे कुठे?"

दोघी हसलो. इतक्या हसलो की खांद्यातून कळ गेली. मग मी विचारलं, "साहेबाला माहीत आहे?"

ती ओटा पुसायला लागली. पुसलेलाच होता. "तो पुरुष आहे. धडधाकट आहे. त्याला काय होणार आहे?"

"आणि चिमणी?"

"सहाच आठवडे गं. सांगितलंस तर बाबा आश्रमात गेले म्हणून समज. तेच नको होतं ना तुला? म्हणून तर तोंड शिवून बसलीस पाच महिने."

खरं आहे. ताईवर चिडायला मला तोंड नाही. ती दोन आठवडे त्यांच्या जवळ वावरत होती आणि मीही तिला सावध केलं नव्हतं. तिला माहीत होतं हे मला कुठे माहीत होतं? तिने मला फसवलं, मी तिला. फरक एवढाच की तिचं तीन वर्षं जुनं.

आज काहीच ठरवलं नाही. बाबांचे शर्ट मात्र ताईने बॅगेतून काढून पुन्हा एकदा नीट घड्या घातले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

चिमणीचा फोन. "आत्या, एक गंमत सांगू? कोणाला सांगू नकोस हं! उद्या आजोबा आले ना, की मी त्यांच्या हातातून काठी ओढून पळणार! मग ते मला पकडणार!"

उद्या — सकाळी सातला साहेब बाबांना न्यायला येईल. त्याने बॅग उचलायच्या आत त्याला माझ्या खोलीत बोलावून सगळं सांगणे.