एकाच झाडाले फूल अन् फळ

बुध., १४ जाने.
तीळगुळाले काटोलले जाणं झालं नाही, फोनवरच उरकलं. परवा खारूताईचा कार्टून सिनेमा लागते. दोन वर्षं त्यातली झाडं, विहिरी, आभाळ मी काढली, इथं शहरात, नंदनवनच्या दोन खोल्यांत, कंबर मोडेपर्यंत. बाबांना म्हटलं, पडद्यावर पाहाल तेव्हा कळंल मी काय करते ते. बाबा संत्रा मंडीत सांगतात, पोरगी कंप्यूटरच्या कामात आहे. चित्रं काढते म्हणायले जीभ उचलत नाही. त्यांच्या लेखी चित्रकला म्हणजे मास्तर रजेवर असला की पोरांना गप्प बसवायचं काम.
बघू आता. मी त निस्ती हवेत.

शुक्र., १६
पहिला शो. मी, निखिल अन् पन्नासेक लेकरं.
देवा रे.
खारूताई रडते, मग गाते, मग गाता गाता रडते. मध्यंतराआधीच अर्धी लेकरं पायऱ्यांवर पकडापकडी खेळून राहिली होती. मागच्या रांगेतून एक चिमुकली आवाज चढवून, "मम्मी, ही खार घरी काहून जात नाही?" निखिलनं तोंडात रुमाल कोंबला. नवरा आहे का वैरी.
शेवटी माझं नाव आलं तेव्हा दिवे लागले होते. झाडूवाली बाई अन् आम्ही दोघं. मी टाळ्या वाजवल्या. मग तिनंही वाजवल्या, बिचारी.

शनि., १७
पेपरात दीड स्टार. वरचा अर्धा कशाचा, ते लिहिलं नाही. यूट्यूबवाल्या पोरानं टॉकीजबाहेर लेकरांसमोर माईक धरला, काय आवडलं? समोसा.
हे चालते. गोष्ट फसली, त्याले मी काय करू. पण समीक्षकांनी शेवटी लिहिलं आहे: "एकाच झाडावर पांढरी फुले आणि पिकलेली संत्री! चित्रे काढणाऱ्यांनी आयुष्यात संत्र्याचे झाड पाहिलेले दिसत नाही."
मी. काटोलची. संत्र्यातच वाढलेली.
ते आमच्या विहिरीवरचं झाड आहे. पण काढलं आठवणीतून, अन् आता धाकधूक होऊन राहिली. बाबा बागेचं पाणी तोडतात, झाडांना ताण देतात, वर्षाचा एकच बहार घेतात. फूल असते तेव्हा फळ नसते. मग मी लहानपणी पाहिलं ते काय होतं? पुण्याहून दिग्दर्शकाचा मेसेज, हे तुझ्या नजरेतून सुटलं कसं? खारीच्या रडण्यावर मात्र याले आजवर एक शब्द सुचला नाही.
बाबांना विचारायची हिंमत नाही. चुकलं असंल त संपलंच. पोरीले बागेतलंच झाड काढता येत नाही म्हणतील.

सोम., १९
बाबांना म्हटलं, नका येऊ, टॉकीजमधे लय थंडी असते. म्हणे स्वेटर घालतो. म्हटलं, शो कमी झाले. म्हणे एक त आहे ना? मागून आई म्हणे, मंडीतल्या चौघांना घेऊन येऊन राहिले.
झालं.

बुध., २१
आले. एसटीनं, पाच जण, मफलर गुंडाळून. आमच्याशिवाय टॉकीजमधे एक आजी अन् तिची नात. मंडीतले गणपतकाका पहिल्याच गाण्यात घोरायले लागले. मी पडदा पाहिलाच नाही, बाबांचं तोंड पाहत होती. हाताची घडी, कपाळावर आठी.
विहीर आली. बाबा उठून उभे.
"अरे, हे त आपलं विहिरीवरचं झाड!" काकांना हलवून जागं केलं. "पाहा न गा. विहिरीचा ओलावा भेटते त्याले, ताण बसतच नाही. म्हणून दोन्ही बहार धरते लेकाचं, एकाचं फळ उतरायच्या आत दुसऱ्याचं फूल. ढोलीसुद्धा तिथंच आहे." मागून आजी म्हणे, बसा हो. बसले नाही. झाड जाईस्तोवर उभेच.
मले रडू फुटलं. त्या खारीच्या सिनेमात रडलेली मी एकटीच असंन.
बाहेर चहा पिता पिता बाबांनी एवढंच म्हटलं, "सिनेमा भंगार आहे वं. झाड बरोबर आहे." मी वेड्यासारखं पेपरातलं कात्रण दाखवलं. वाचलं, घडी केली, खिशात टाकलं. परत द्या म्हणायची सोय नव्हती.

गुरु., २२
व्हायचं तेच झालं. बाबांनी पेपरात फोन लावून समीक्षकांना गाठलं. भांडले नाही. या म्हणे काटोलले, झाड दाखवतो, जेवूनच जा. समीक्षक भला माणूस निघाला. एक तारखेच्या रविवारी येतो, चूक माझी असली त तसं छापीन म्हणे. दिग्दर्शकाले मी अजून काही सांगितलं नाही. राहू दे लटकत.
सिनेमा उद्यापासून उतरते. कालच्या आजी अन् नातीचं नशीब.

शनि., ३१
आईचा फोन. बाबा त्या झाडाची फळं तोडू देऊन नाही राहिले. व्यापाऱ्याले म्हणे, हे पोरीचं झाड आहे, याले हात लावायचा नाही. अन् मंडीत सांगत फिरून राहिले, पोरीनं काढलेलं झाड पाहायले पेपरवाले येतात. 'काढलेलं' असंच म्हटलं का, आईले दोनदा विचारलं. हो वं, म्हणे, काढलेलंच.
पण घोटाळा आहे. थंडी हटूनच नाही राहिली. फळं लदबदली आहेत, कळ्याही धरल्या, पण घट्ट मिटलेल्या. फूल एकही नाही. समीक्षक उद्या अकराले पोचतात.
बाबा फोनवर आले. मी म्हटलं, हसं होईल, पुढचा रविवार सांगा त्यांना.
"काहून? तू कागद, पेन्सिल घेऊन ये. कळ्या नाही फुटल्या त त्या पेपरवाल्यासमोर बसून फुलं काढ. तुले येते ना."
येते म्हटलं.
सहाची एसटी आहे. पेन्सिली छिलून ठेवल्या. निखिल म्हणते, पांढरा रंग जास्त घे. पाच वाजताचा अलार्म लावला, पण झोप येऊन नाही राहिली.