रूपरावांच्या ओट्यावरून गेलेला रस्ता

वर्धा, फेब्रुवारी १९५७

प्रिय शरयू,

आई राममंदिरात कीर्तनाला गेल्या आहेत. त्या परत यायच्या आत हे पत्र पेटीत पडायला हवं, म्हणून अक्षराकडे बघू नकोस. संक्रांतीचा तुझा तिळगूळ पोचला. आर्वीच्या शाळेत माधवरावांचं बस्तान बसलं हे ऐकून आईंना फार बरं वाटलं. तुझं पत्र त्यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. उत्तर मात्र माझ्या हातून आजवर गेलं नाही. रोज लिहायला बसायची आणि रोज उठायची. कामं आडवी येत होती असं नाही. जे लिहायचं तेच लिहिता येत नव्हतं. तेव्हा आधी आपल्या गल्लीच्या गोष्टी सांगते, म्हणजे हात चालू लागेल.

तू आता आलीस तर घर शोधत पुढे निघून जाशील. कोपऱ्यावरचं धान्याचं दुकान गेलं, तिथं काचेच्या दाराचं रेडिओचं दुकान आलं आहे. दुकानदार दिवसभर गाणी लावतो आणि दारात रिकामटेकड्यांची ही गर्दी. त्याच्या शेजारी हॉटेल निघालं आहे; आलुबोंड्यांचा वास थेट आपल्या स्वयंपाकघरात येतो. आपल्या दारासमोर विजेचा खांब उभा राहिला. दिवाळीत पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा सगळी गल्ली खांबाखाली उभी होती, आणि मंदाबाईंनी तर त्या खांबालाच हळदकुंकू लावलं. मंदाबाई म्हणजे समोरच्या रूपरावांची बायको, तुझी लाडकी. तुला चिंचा द्यायच्या त्याच.

आणि नळ आला. तुझे दादा म्युनिसिपालटीत त्याच खात्यात, त्यामुळे अर्धी गल्ली नळासाठी आपल्याकडे खेटे घालत होती. आईंचा मात्र पहिल्या दिवसापासून विरोध. लोखंडातून आलेलं पाणी देवाला चालत नाही, त्यात डाळ शिजत नाही, त्याला औषधाचा वास येतो. मी पाण्याचा पितळी गुंड घेऊन निमूटपणे विहिरीवर जात राहिले. पण विहिरीवर कुणी उरलंच नव्हतं गं. आठवतं का, तू दोर ओढायचीस, मी कळशी लावायची, आणि गल्लीतली सगळी सुखदुःखं तिथंच निघायची? आता मी एकटीच. एकदा भरलेला गुंड उचलताना मला चक्कर आली आणि मी काठावरच बसून राहिले. आईंनी ते दारातून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे नळाखाली पहिली बादली आपली होती, आणि ती आईंनी स्वतः लावली होती.

रस्त्याचं ऐकलंस का? तो रुंद करायचं ठरलं आणि दोन्ही बाजूंचे ओटे गेले. आपलाही गेला, पण आपला तो केवढासा! रूपरावांचा ओटा म्हणजे गल्लीची बैठक. वडिलांच्या हातचा, शहाबादी फरशीचा. पहारी घेऊन माणसं आली तेव्हा रूपराव ओट्यावर आडवे झाले. "माह्यावरूनच न्या तुमचा रस्ता," म्हणाले. तुझे दादा समजूत घालायला गेले, तर त्यांना म्हणाले, "बाबू, तुमी तं आमच्यातले. तुमी काऊन असं करून राह्यले?" शेवटी मंदाबाईंनीच त्यांना हाताला धरून आत नेलं. नंतर कितीतरी दिवस रूपराव दादांशी बोलत नव्हते. समोर दिसले की पागोटं सारखं करत दुसरीकडे बघायचे.

त्यांची सून रुख्मिणी तेव्हा पोटुशी होती. डिसेंबरात तिला कळा सुरू झाल्या. सुईण म्हणून तानाबाईच होत्या तिच्याजवळ. तुझ्या माझ्या गल्लीतली सगळी पोरं त्यांच्याच हातची. रात्र गेली, सकाळ गेली. दुपारी मी गरम पाणी घेऊन गेले, तर तानाबाई दाराशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "बाई, आता माह्या हातचं नाई राह्यलं. लेकरू आडवं हाय. दवाखान्यात न्या तिले." नवं प्रसूतिगृह उघडून जेमतेम वर्ष होतंय आणि तिथं आपल्या गल्लीतलं कुणी अजून गेलं नव्हतं. आई तिथंच होत्या. त्या म्हणाल्या, "दवाखान्यातून परत कोण आलंय?" एकटे रूपराव उठले. अनवाणी चौकात धावत गेले आणि टांगा घेऊन आले. टांगा थेट उंबऱ्याला लागला, जिथं त्यांचा ओटा होता त्याच जागी. पूर्वी तिथपर्यंत हातगाडीसुद्धा येत नव्हती. रुख्मिणीला उचलून ठेवलं. सोबत कोण, तर मंदाबाईंना उभंही राहवेना. मीच चढले. आई "सुनीती!" म्हणून ओरडल्या, पण घोडा निघाला होता.

शरयू, ती दुपार मी जन्मात विसरणार नाही. रुख्मिणीने माझं मनगट धरलं होतं ते काळंनिळं झालं. "मले घरी नेजो, वयनी, मले इथं टाकून जाऊ नोको," एवढंच ती म्हणत होती. मग तिला आत नेलं आणि दार लागलं. मी बाकावर बसले. फिनेलचा वास, पांढऱ्या भिंती, लोखंडी खाटा. मला वाटत होतं, आता दार उघडेल आणि कुणीतरी मान हलवेल. ऊन उतरायच्या सुमाराला दार उघडलं, तेव्हा आतून आधी आवाज आला. रडण्याचा. मुलगी झाली होती, आणि रुख्मिणी जिवंत होती. मी तिथं जे रडले, ते डॉक्टरीणबाई बघत राहिल्या. हात पुसत त्यांनी हळूच विचारलं, "तुम्हाला कितवा?" मी म्हटलं, छे, मला काहीच नाही. आणि पदर ओढून घेत बाहेर आले.

मी खोटं बोलले होते.

आता सांगते. तुझ्या लग्नाआधीच्या वर्षी आपल्या मागच्या खोलीत जे झालं ते तू पाहिलंस. तू दाराबाहेर उभी होतीस, आणि नंतर माझे केस विंचरून दिलेस. पण त्यानंतर आणखी एक झालं. तू नुकतीच सासरी गेली होतीस. तुला कळवलं ते एवढंच की वहिनीला ताप होता. ताप नव्हता, शरयू. मुलगा होता. पूर्ण वाढलेला, नखांसकट. तोही रडला नाही. लेक नव्या घरी असताना तिला असलं कळवू नये, असं आई म्हणाल्या, आणि मलाही ते खरंच वाटलं.

आता मला सातवा चालू आहे. रुख्मिणीच्या घराखेरीज गल्लीत कुणालाही ठाऊक नाही. ना चोरओटी, ना डोहाळजेवण. दृष्ट लागेल म्हणून आईंनी मला शपथ घातली आहे. दारावरून कुणी गेलं तरी मी आत सरकते. रथसप्तमीच्या आधी हळदीकुंकवाचं निमित्त करून मी रुख्मिणीबरोबर पुन्हा प्रसूतिगृहात गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. मागच्या दोन वेळांचं विचारलं, आणि ते मी पहिल्यांदाच कुणाला तरी तोंडाने सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, या वेळी घरी नको. दिवस भरायच्या आधीच इथं येऊन राहा. कशाचीच हमी देता येत नाही, असंही म्हणाल्या. मला तेच बरं वाटलं. घरी सगळे हमीच देतात.

तुझ्या दादांना सांगितलं. ते दाढी करत होते. आरशातच बघत म्हणाले, "आईला विचारून बघ." सगळ्या गावाच्या घरात पाणी नेणारा माणूस, पण आईपुढे एक वाक्य नेता येत नाही. मग मीच विचारलं. आईंनी ताट बाजूला सारलं. मला वाटलं आता बोलतील, रागावतील. त्या म्हणाल्या, "माझी यशोदा नागपूरच्या दवाखान्यात गेली होती. धाकटी बहीण माझी. चालत गेली होती. मला तिचं तोंडही धड बघू दिलं नाही." ही मावशी होती, हेच मला ठाऊक नव्हतं, तुला तरी होतं का? मग म्हणाल्या, "पोरं गेली, पण दोन्ही वेळा तुला मी त्या खोलीतून जिवंत बाहेर काढलं. रात्र रात्र तुझे तळपाय चोळले. तिथं तू माझ्या नजरेआड होशील." आणि त्या रडल्या, शरयू. तुझे वडील गेले तेव्हाही मी त्यांना तशा रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही दोघी एका चुलीपुढे बसतो आणि मिठाखेरीज काही मागत नाही.

पण मी जाणार आहे. मी ठरवलं आहे. रूपरावांना सांगून ठेवलंय. ते म्हणाले, "सूनबाई, टांगा मी आणतो, तुमी चिंता नोका करू," आणि त्याच दिवशी दादांना हाक मारून त्यांनी तंबाखू दिली. तेव्हा तू आईंची समजूत घालावीस, माझ्या बाजूने भांडावंस, म्हणून हे पत्र नाही. पाडव्याच्या सुमाराला काहीही कारण सांगून तू ये, पुलगावला गाडी बदलून ये. माझ्यासाठी नको. मी आत गेले की डॉक्टरीणबाई असतील, नर्स असतील, कुणी ना कुणी माझा हात धरेल. पण दार लागल्यावर बाहेरच्या त्या बाकावर आई एकट्या बसतील. मी त्या बाकावर बसले आहे, म्हणून सांगते, तिथं एकटीने बसवत नाही. येणार नाही म्हणतील, पण येतील. तू त्यांच्याजवळ बस. यशोदामावशीबद्दल त्यांना बोलू दे, कितीही वेळ. चहा पाज, त्या घेणार नाहीत, तरी पुढे धर. आणि आतून आवाज आला तर आधी त्यांना आत पाठव. नाही आला, तरी त्यांना सोडून माझ्याकडे धावत येऊ नकोस.

फाटकाचा आवाज आला वाटतं. थांबते.

वाट पाहणारी, तुझीच
सुनीती