पश्चिमेच्या खिडकीवरचं छत

सात रस्ता, सोलापूर

ऋतुजाच्या बाबांना नमस्कार,

"बाळाला अकलूजला आणा," एवढं बोलून तुम्ही फोन ठेवता, माझं ऐकूनच घेत नाही. म्हणून हे पत्र.

ऋतुजाचं बाळ इथेच राहील. एवढ्याशा जिवाला उन्हात प्रवास नको. त्याची पश्चिमेची खोली आता गार असते. आधी आतून जाड चादर लावली होती, पण ऊन काचेतून आत आल्यावर चादर काय करणार? मग खिडकीवर बाहेरून, दुकानांना असतं तसं, उतरतं कापडी छत बसवून घेतलं.

जावईबापू म्हणाले, "आई, लोक चहा मागायला येतील की!"

मी म्हटलं, "आले तर तुम्ही करा."

आता बाळ दुपारभर झोपतं आणि शेजारी जावईबापू घोरतात.

तुम्ही दुपारी अजून आपल्या पश्चिमेच्या खिडकीपाशीच आरामखुर्ची टाकता ना? मागच्या उन्हाळ्यात तिथेच तुम्हाला चक्कर आली होती. त्या खिडकीचं माप मी निघतानाच पडद्यासाठी घेतलं होतं. छत बसलं की फोन करा, आणि माझं बोलणं संपेपर्यंत ठेवू नका.

वैजयंती

जावईबापूंच्या हाती दिलं: हिरव्या पट्ट्यांचं छत, नळ्या, हुक, तुमच्या बीपीच्या गोळ्या आणि झोपलेल्या बाळाचा फोटो.