पाय धुण्याचा गुरुवार

ब्रागा, पोर्तुगाल
१४ एप्रिल २००६

प्रिय प्रीती,

फोनवर तू 'आई, प्लीज' म्हणतेस आणि मी तोंड उघडायच्या आत विक्रांतचं कार्ड संपतं. म्हणून हे पत्र. पूर्ण वाच. लग्नात आम्ही दोघांनी कमलेशचे पाय धुवावेत हा तुझ्या सासूबाईंचा, ठमाबाईंचा, हट्ट मी निघताना होता तिथेच असणार, आणि माझा नकार मी विमानात विसरून आलेले नाही. तुझे बाबा म्हणाले, पाच मिनिटांचं काम, पाणी ओतलं की झालं. त्यांना सगळंच पाच मिनिटांचं वाटतं. कात्रपचा फ्लॅटही त्यांनी पाच मिनिटांत पसंत केला, आणि बारा वर्षं मी बादल्या भरून ठेवतेय.

आज जयंती. तिकडे स्टेशनपर्यंत ढोल वाजत असतील. इथे आजच येशूच्या मरणाचा दिवस आलाय, त्यामुळे चर्चच्या घंटासुद्धा गप्प आहेत. त्यांच्याऐवजी काळे बुरखे घातलेली अनवाणी माणसं लाकडी खुळखुळे करकरवत रस्त्यांतून फिरतात. मूर्तींवर आठवडाभर जांभळी कापडं आहेत. मी विक्रांतच्या टेबलावर बाबासाहेबांचा फोटो ठेवला, हार केला. फुलं जांभळीच मिळाली.

काल विक्रांतची घरमालकीण, लुर्देसबाई, आम्हाला त्यांच्या वस्तीतल्या चर्चमध्ये घेऊन गेली. मरणाच्या आदल्या दिवशी येशूने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले होते, म्हणून या गुरुवारी पाद्री बारा जणांचे पाय धुतो. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. ऐन वेळी कळलं, बारातली एक म्हातारी तापाने फणफणली आहे. लुर्देसबाईने माझं कोपर धरलं आणि रिकाम्या खुर्चीकडे ओढत नेलं. विक्रांत लाजून लाल. त्याने पाद्रीला सांगितलं, माझी आई बौद्ध आहे. पाद्रीने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "उजवा पाय आहे ना? मग बसू दे." माझ्या एका बाजूला कचऱ्याची गाडी चालवणारा, दुसऱ्या बाजूला शाळकरी मुलगी. मी मोजा काढला. टाचेच्या भेगा तुला माहीतच आहेत.

पाद्री गुडघ्यांवर बसला, सुरई कलती केली. पाणी वरून पडलं आणि मी पाय झटकन मागे घेतला. लोक हसले, त्यांना वाटलं पाणी गार आहे. पाणी कोमट होतं.

प्रीती, जानेवारीत आपण सोनिवलीला बोलणी करायला गेलो तेव्हा आपल्या सगळ्यांना पाणी ग्लासातून आलं. आजी बाहेर पडवीत टेकली होती. तिने पाणी मागितलं आणि ओंजळ पुढे केली. घरी ती पेल्यातून पिते. पण जमीनवाल्यांच्या दाराशी काय करायचं ते चामटोलीत लहानपणी शिकलेले तिचे हात विसरले नाहीत. ठमाबाईंच्या एका हातात तांब्या होता, दुसऱ्यात पेला. त्यांनी पेला कठड्यावर ठेवला आणि वरून पाणी ओतलं, हाताला हात लागणार नाही एवढ्या उंचीवरून. आजी प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, बाई भली आहे. कमलेश आत होता, त्याने पाहिलं नाही. तू पाहिलंस. तू मोबाइलमध्ये मान घातलीस. आणि मी, अंबरनाथच्या लॅबमध्ये एकोणतीस वर्षं भल्याभल्या साहेबांना चुका दाखवणारी, चहा छान झालाय म्हणाले.

पाद्रीला यातलं काय माहीत असणार? तो थांबला. मग सुरई खाली ठेवून त्याने माझी टाच हातात घेतली. भेगांतून बोटं फिरवून पाय धुतला, टॉवेलने पुसला आणि वाकून पायावर ओठ टेकले. मी रडले वगैरे नाही. त्याच्या टकलाकडे बघत बसले. घरी येताना लुर्देसबाई म्हणाली, आता तू आमची झालीस. मी विक्रांतला स्पष्ट सांगायला लावलं की बावीस प्रतिज्ञा मी सातव्या वर्षी घेतल्या, त्यातली एकही ढिली झालेली नाही. तिने खांदे उडवले आणि मला गोड पाव दिला. पाव चांगला होता.

आता नीट ऐक. मी कमलेशचे पाय धुणार आहे. मुलगा सरळ आहे, त्याच्या पायांशी माझं भांडण नाही. हाताने धुईन. पण त्याच मांडवात, त्याच्या आधी, ठमाबाई आजीला पाटावर बसवतील आणि तिचे पाय धुतील. त्याही हाताने, लांबून ओतलेलं मला चालणार नाही. त्या कारण विचारतील. ते तू सांगायचंस. हे पत्र त्यांच्यासमोर बसून मोठ्याने वाच, पडवीतला भागही गाळू नकोस, माझ्या चहाचाही नाही. त्या नाही म्हणाल्या तर रजिस्टर लग्न करा. साक्षीदाराची सही मी करीन, पेढेही मी वाटीन, पण मांडवात मी दिसणार नाही. दोन मेला मी उतरते. एअरपोर्टला बाबांना पाठवू नकोस. तू ये, आणि पत्र वाचून दाखवलंस की नाही, ते सामान उचलायच्या आधी सांग.

तुझीच,
आई