शालूचा नव्वदावा दिवस

वारजे, पुणे
रविवार, ८ डिसेंबर २००२
सकाळी ९ वाजून १० मिनिटे (मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे, भिंतीवरचे निरीक्षणाखाली आहे)

श्रीयुत जयसिंगराव यांस,
यज्ञेश्वरचा दोन्ही हात जोडून (म्हणजे पेन क्षणभर खाली ठेवून) नमस्कार.

आपला गुडघा, तुळजावहिनींचा खोकला आणि पागेतल्या पाचही घोड्या कशा आहेत ते याच क्रमाने कळवावे. आपल्या खिशातल्या घड्याळाला रोज सकाळी बावीसच पिळे द्यावेत. आपण चोवीस देता हे मला गेल्या खेपेला उघडताक्षणी कळले होते, पण गिऱ्हाइकाला दुकानात बोलू नये म्हणून गप्प राहिलो.

आज शालू आपल्या पागेतून माझ्याकडे आली त्याचा त्र्याऐंशीवा दिवस. पुढच्या रविवारी नव्वद भरतील आणि ठरल्याप्रमाणे आपण पश्चिमेच्या कुंपणाशी, मी पूर्वेच्या, शालू मधोमध. हाक मारायची नाही, हातात गूळ घ्यायचा नाही, ती ज्याच्याकडे चालत जाईल त्याची. आपल्याकडे आली तर कात्रजला परत, पागेत, दावणीला, पायांत पुन्हा नाल. माझ्याकडे आली तर वारज्याच्या या साडेअकरा गुंठ्यांत कायमची मोकळी. मी ग्रंथालयातून पुस्तक आणून घोडा नैसर्गिक पद्धतीने ठेवायला निघालो तेव्हा आपण चार माणसांत म्हणाला होतात, "घोडी काय घड्याळ हाय व्हय, पुस्तक वाचून उघडायला?" जयसिंगराव, घड्याळ उघडायलाही मला कोणी गुरू नव्हता. वडिलांचे गजराचे घड्याळ मी नवव्या वर्षी उघडले. (मिटले तेराव्या वर्षी. पण मिटले.)

तर अहवाल. ज्या घोडीने पंधरा वर्षे आपल्या पागेतून निघून नवरदेव वाहिले, तिला इथे दार नाही, दावण नाही, पाठीवर कोणी नाही. दोन वेळा पाटीभर चंदीऐवजी दिवसभर थोडे थोडे गवत. नाल काढल्यापासून पुढचा डावा खूर महिन्याला आठ पूर्णांक सहा दशांश मिलिमीटर वाढतो. हे माप मी दुकानातल्या कॅलिपरने घेतो आणि वहीत लिहितो. कुसुम म्हणाली, "आपल्या हेमाची उंची तरी कधी मोजली होतीत का?" (मोजली होती. दोनदा.) निवारा ऐच्छिक असावा असे पुस्तक सांगते, म्हणून पत्र्याची शेड उघडी ठेवली. परतीच्या पावसात शालूने ती स्वेच्छेने निवडली, संपूर्ण निवडली, आणि मी बाहेर छत्रीखाली उभा राहून तशी नोंद केली.

घोड्याला कळप लागतो. दुसरा घोडा परवडत नसल्याने कळप मीच आहे. दुकान चारला बंद करतो (मोबाईल आल्यापासून लोक वेळ त्यातच बघतात, त्यामुळे कोणाची गैरसोय होत नाही) आणि गवतात खुर्ची टाकून डोळ्याला भिंग लावून काम करतो. शालू मागून येते, माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवते आणि एक लांब सुस्कारा सोडते. त्याने बारीक स्क्रू उडतात. एकोणीस हरवले. मी तिला बाजूला हो म्हणालेलो नाही.

आता शुक्रवारची हकीगत. आपल्या कानावर दुसरीकडून येण्याआधी मीच सांगतो. फाटकाला मी कडी बसवलेली नाही (पुस्तकात कडीचा उल्लेख नाही). येणारे-जाणारे रोज दार वाजवून "अहो, घोडी सुटलीय" सांगायचे, म्हणून मी पाटी लावली: "घोडी मोकळी आहे. नजरचुकीने नव्हे, तत्त्वाने. कळवण्याची तसदी घेऊ नये." शुक्रवारी शालू खरोखरच फाटक ढकलून हमरस्त्याला लागली. शेजारच्या बांधकामावरचे रखवालदार सोनबा यांनी ती जाताना पाहिली आणि कळवण्याची तसदी घेतली नाही. नंतर विचारले तर म्हणाले, "पाटी वाचली की साहेब. तत्त्वानं चाललीय म्हटलं."

पुढच्या चौकातल्या मंगल कार्यालयापाशी बँड वाजत होता. वऱ्हाड बाहेर उभे होते. फेटे बांधणारा इसम उशिरा आलेला, त्यामुळे फक्त नवरदेवाच्या डोक्याला फेटा, बाकी सगळे ताटकळलेले. शालू त्या गर्दीतून कोणालाही धक्का न लावता सरळ नवरदेवाकडे गेली, डावी बाजू त्याच्याकडे करून उभी राहिली आणि थांबली. तो फुलांनी सजवलेल्या मोटारीत एक पाय घालून होता. त्याची आजी कडाडली, "अगं बाई, न बोलावता आली ही! काढ तो पाय मोटारीतून. चढ!"

मी एक चप्पल हातात घेऊन पोहोचलो तेव्हा तो वर बसलेला होता. आजींनी मला विचारले, "अहो घोडीवाले, हिचा साज कुठाय?" मी म्हणालो, "ती नैसर्गिक आहे." त्या म्हणाल्या, "ते दिसतंय," आणि स्वतःच्या अंगावरची शाल तिच्या पाठीवर टाकली. एकशे चार पावले ती चालली. जयसिंगराव, मान कमानीसारखी, कान पुढे, ढोलाच्या ठोक्यावर पाऊल! त्र्याऐंशी दिवसांत ती अशी चाललेली मी पाहिली नाही. माझ्या वहीत त्यासाठी रकाना नाही. मीही मागून थोडा नाचलो असे कुसुमला कोणीतरी सांगितले आहे. (थोडा हे मोजमाप त्यांचे.)

पुस्तक म्हणते, घोड्याला निवड करू द्या. तिने केली. यातून माझी पद्धत सिद्धच होते असे मी समजतो आणि आपणही तसेच समजाल अशी आशा करतो.

आपला,
यज्ञेश्वर
(घड्याळदुरुस्ती, शनिवार पेठ, अश्वसंगोपन, वारजे)

ता. क. १ – रविवारी कृपया बोडक्या डोक्याने यावे. काल मी चाचणी घेतली. सोनबांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला की शालू चौदा पावलांवरून त्यांच्याकडे जाते, काढला की माघारी फिरते. पाचपैकी पाच वेळा. बावीस वर्षांत मी आपल्याला फेट्याशिवाय पाहिलेले नाही, तेव्हा हे मोठे मागणे आहे याची जाणीव आहे.

ता. क. २ – कुसुमने वरचे वाचले. म्हणते, "त्यांचा फेटा उतरवताय, मग लक्ष्मी रोडवरून ते सात मीटर भगवं कापड कशाला आणलंत, तेही लिहा की." लिहिले. (सात नव्हे. सहा मीटर नव्वद.)

ता. क. ३ – दोन दिवस प्रयत्न करतो आहे. दर वेळी डाव्या कानावरून सुटून गळ्यात येतो. पुस्तकात आकृती नाही. आपण रविवारी जरा आधी, साडेसातला येऊन तो मला बांधून द्यावा, आणि मग आपला काढून ठेवावा, ही विनंती. शालूने पाहू नये म्हणून हे घरात करू. घराच्या दाराला कडी आहे.